दुसऱ्या बोटीत स्टूल नव्हता

"मॅडम, साहब बोट में बैठ ही नहीं रहे."

फोनवर बिस्वास होता. बिस्वास आमचा अंदमानातला लँड एजंट. म्हणजे मी इथे चिंचवडच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांना जे जे कबूल करते, ते तिथे निभावणारा माणूस. तो जेट्टीवर उभा होता आणि वाऱ्यात त्याचे निम्मे शब्द उडून जात होते.

"बैठ नहीं रहे म्हणजे काय?" मी अर्ध्या मराठीतच ओरडले.

"बोलते हैं, ये हमारी बोट नहीं है."

माझ्यासमोर प्राजक्ता बसली होती, त्या साहेबांची मुलगी. जवळच माण गावात आयटी कंपनीत आहे. आईचा फोन आल्याबरोबर स्कूटर काढून थेट माझ्याकडे आली होती. हेल्मेट अजून मांडीवरच होतं.

"बसत नाहीयेत ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं."

कदमसाहेब चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होते. रिटायर झाले म्हणून प्राजक्ताने त्यांना, आईला आणि आजीला अंदमानची सहल भेट दिली. त्यातला एक दिवस प्रायव्हेट बोटीचा. किनाऱ्याकिनाऱ्याने निवांत फिरायचं, एखाद्या रिकाम्या बीचवर उतरून डबा खायचा, उजेडी परत यायचं. माझ्या धंद्यात याहून सोपं बुकिंग नसतं.

निघायच्या आधी कदमसाहेब ऑफिसात आले होते. गिऱ्हाईक आलंय की ऑडिट, तेच मला कळेना. बोटीचा रंग कोणता? नावाड्याचं नाव काय? लाइफ जॅकेट आईच्या मापाचं आहे का? मग मुख्य प्रश्न निघाला. आईचा गुडघा बदललेला आहे, बोटीची कड उंच असते, ती चढणार कशी? मी त्यांच्यासमोर बिस्वासला फोन लावला आणि बोटीत एक लाल प्लास्टिकचा स्टूल ठेवायला सांगितलं. पाण्यात ठेवायचा, त्यावर पाय देऊन आजींनी चढायचं. कदमसाहेबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

जाताना मी त्यांना माझा नेहमीचा नियम सांगितला. काही नावाडी प्रायव्हेट बोटीच्या लोकांना मध्येच गर्दीच्या बोटीत ढकलतात. म्हणून आपली बोट सोडून दुसऱ्या बोटीत पाय ठेवायचा नाही. "मॅडमने पाठवलंय असं कुणीही सांगेल," मी म्हटलं होतं, "विश्वास ठेवू नका."

"शंभर टक्के," कदमसाहेब म्हणाले होते. बाकीची गिऱ्हाइकं तसं नुसतं म्हणतात.

त्या दिवशी सकाळी समुद्र तळ्यासारखा शांत होता. मिसेस कदमांना बोट लागते, म्हणून त्या हॉटेलवर थांबल्या. मायलेक गेले. बोटीने त्यांना बीचवर उतरवलं आणि ती वळणापलीकडे नांगर टाकायला गेली. तिथे तिचं इंजिन बंद पडलं. त्यातच हवा फिरली. वारा सुटला, लाटा उठल्या आणि बंदरातून सगळ्या बोटींना परत फिरायचा निरोप निघाला. आमची बोट दुसऱ्या एका बोटीला दोरीने बांधून ओढत आणावी लागली. त्या वाऱ्यात ती बीचकडे वळवणं शक्यच नव्हतं.

बिस्वासने धावपळ करून जवळच असलेली एक निळी बोट बीचकडे वळवली. मोबाइलला तिथे रेंज नाही. निळ्या बोटीत वायरलेस होता, त्यावरून तिचा नावाडी बिस्वासशी बोलत होता आणि बिस्वास माझ्याशी.

"कदमसाहेबांनाच वायरलेसवर दे ना," मी म्हटलं.

"मॅडम, सेट बोट के अंदर फिट है. बात करने के लिए चढ़ना पड़ेगा."

आणि चढायला तर ते तयार नव्हते. मी कपाळावर हात मारला.

"त्यांना सांग, मॅडमने पाठवलंय."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "साहब बोलते हैं, मॅडम ने बताया था, सब यही बोलेंगे."

माझेच शब्द समुद्र ओलांडून माझ्याकडे परत आले होते. मला त्या माणसाचा संताप आला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. मागे जंगल, पुढे चढतं पाणी, डोक्यावर छप्पर नाही, आणि ऐंशीच्या घरातली बाई. निळी बोट गेली तर वादळ ओसरेपर्यंत दुसरी कुणी जाणार नव्हती. बाहेर चिंचवडमध्ये लख्ख ऊन होतं. भिंतीवर अंदमानचं पोस्टर होतं, निळंशार पाणी आणि खाली 'निवांत' असं मोठ्या अक्षरात. ते फाडून टाकावंसं वाटलं.

"हात जोडून विनंती करायला सांग," मी बिस्वासला म्हटलं.

"किया, मॅडम. साहब ने भी हाथ जोड़ दिए. बोट वाला अब निकलने को बोल रहा है. उसके भी बाल-बच्चे हैं."

"विनंतीने काही व्हायचं नाही," प्राजक्ता एकदम म्हणाली. "बाबांनी एकदा लेबल चुकीचं म्हणून भरलेला ट्रक गेटवर अडवला होता. प्लांट हेड स्वतः आले तरी सोडला नाही. त्यांना डेव्हिएशन द्या."

"काय द्या?"

तिने भराभर सांगितलं. कारखान्यात पार्ट ड्रॉइंगप्रमाणे असेल तरच पुढे जातो. थोडा वेगळा आहे पण चालण्यासारखा आहे, असं असेल तर जबाबदार माणसाने सांगावं लागतं. वेगळं काय आहे, का चालेल, कितीपुरतं चालेल, आणि खाली स्वतःचं नाव. हे सगळं मिळालं की बाबा क्षणात माल सोडतात.

"पण हे मीच सांगतेय हे त्यांना कसं कळणार?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला स्टूल आठवला. त्या स्टुलाचं किनाऱ्यावरच्या कुठल्या दलालाला काय माहीत असणार?

"बिस्वास, मी बोलते तसंच्या तसं नावाड्याला सांग. त्याने तिथे मोठ्याने ओरडून सांगायचं. बोट बदली है. पहली बोट का इंजन बंद है. ये बोट चलेगी, जॅकेट पूरे हैं. माताजी के घुटने के लिए लाल स्टूल बोला था, वो इस बोट में नहीं है. माताजी को सँभाल के चढ़ाना है. सिर्फ वापसी के लिए. जिम्मेदारी मेरी. वैशाली, चिंचवड."

बिस्वासने सगळं पुन्हा म्हणून दाखवलं आणि फोन तसाच चालू ठेवला. मग नुसता वारा. प्राजक्ता हेल्मेटचा पट्टा लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. एक गिऱ्हाईक दारात येऊन गोव्याचं पॅकेज विचारू लागलं. मी नुसता हात हलवला. ते माझं तोंड बघून निघून गेलं.

"बिस्वास?"

मी फोन कानाला आणखी दाबून धरला.

"बिस्वास!"

"चढ़ गए, मॅडम! दोनों चढ़ गए!"

प्राजक्ताने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि त्यावर डोकं टेकून ती रडली. मीही डोळे पुसले, लपवत नाही.

बोट जेट्टीला लागल्यावर बिस्वासने पुढचं सांगितलं. निरोपात स्टूल ऐकला मात्र, कदमसाहेबांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. नावाडी आजींना उचलायला उतरला, पण लाटेने बोट वरखाली होत होती आणि त्याला ती सोडवेना. तेव्हा कदमसाहेब कमरेएवढ्या पाण्यात शिरले, बोटीला धरून ओणवे झाले आणि आईला म्हणाले, दे पाय. आजी लेकाच्या पाठीवर पाय देऊन बोटीत चढल्या.

काही दिवसांनी मायलेक ऑफिसात आले. कदमसाहेबांनी मला ओळीने पाच वेळा 'का' विचारलं. बोट का बदलली, इंजिन का बंद पडलं, असं खोलात जात गेले. त्यांच्या खात्यात प्रत्येक गोंधळानंतर असंच करतात म्हणे. पाचव्या 'का'ला मी हात टेकले. पण त्यातून एक पद्धत निघाली. आता प्रत्येक कुटुंबाशी मी एक खूण ठरवते, फक्त त्यांना आणि मला माहीत असलेली. बोट बदललीच तर नावाड्याने ती सांगायची, मगच चढायचं. नियम सांगताना तो कधी मोडायचा तेही सांगावं, एवढं मी शिकले. नाहीतर नियम पाळणारीच माणसं आधी बुडायची.

"बाकी सर्व्हिस ठीक," कदमसाहेब उठता उठता म्हणाले. "तक्रार एकच. दुसऱ्या बोटीत स्टूल नव्हता."

आजी खुर्चीचा हात धरून सावकाश उभ्या राहत होत्या. लेकाच्या खांद्याचा आधार घेत त्या माझ्याकडे वळल्या.

"न्हवता कसा? व्हता की," त्या म्हणाल्या. "चांगला भक्कम व्हता. थंडीनं जरा कापत व्हता, येवढंच."