सोप्यावरची शाळा आणि सुलूची दहावी

किस्से साठवायला कपाट लागत नाही हो, घरापुढचा नुसता सोपा पुरतो! पेडण्यातल्या आमच्या घराच्या सोप्यावर संध्याकाळी चहा घेऊन टेकले, की डोळे अर्धवट मिटतात आणि एकेक पोर आपापला किस्सा घेऊन समोर येऊन बसतं. यजमान विचारतात, "झोपलीस काय गो?" झोपते कुठली! वर्ग घेत असते.

सरकारी प्राथमिक शाळेतून रिटायर झाले आणि एका संस्थेच्या सांगण्यावरून ही शिकवणी सुरू केली. येणाऱ्या सगळ्या पोरांच्या आयांना एचआयव्ही. पोरांपैकी बहुतेकांना काहीच नव्हतं, पण गावाला तेवढं ऐकून घ्यायला वेळ कुठे? वर लोकांनी परस्पर ठरवूनच टाकलेलं, की ही पोरं अभ्यासात मठ्ठ असणार. हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आई आजारी पडली की पोराची शाळा बुडते, शाळा बुडली की पोर मागे पडतं. त्यात डोक्याचा काय दोष?

*

शाळेतला एक तरुण मास्तर मला बाजारात भेटला. हातात पावांची पिशवी, चेहऱ्यावर काळजी.

"बाई, ह्या वयात उगाच जीव काढता. ह्या पोरांकडून फार अपेक्षा ठेवू नका."

म्हटलं, "बाबा रे, दुसरीत तू माझ्याच वर्गात होतास. तुझ्याकडून तरी मी कुठे ठेवली होती!"

पुढच्याच आठवड्यापासून तो आमच्या पोरांना गणित शिकवायला यायला लागला. तसा चांगला मुलगा आहे हो!

*

दत्तू म्हणजे आमचा स्वप्नाळू गडी. पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबायचा आणि समोरच्या माडांकडे बघत राहायचा.

"खंय गेलंस रे?"

"हंयच आसंय, बाई," म्हणायचा, पण आवाज भलताच लांबून यायचा.

त्याला शाळेत निबंध आला, 'मी पंतप्रधान झालो तर'. बाकीच्यांनी रस्ते बांधले, धरणं बांधली. दत्तूनं लिहिलं, 'मी पंतप्रधान झालो तर दवाखान्यातली रांग सावलीत आणीन. मग आईबरोबर घरी जाऊन झोपेन.' संपला निबंध! खाली लाल शाईत शेरा, 'फारच त्रोटक.'

मी म्हटलं, त्रोटक तर त्रोटक. माझं मत ह्यालाच!

*

एकदा संस्थेचे साहेब पणजीहून पोरांची प्रगती बघायला आले. त्यांनी पुठ्ठ्याचं घड्याळ आणलं होतं. काटे फिरवतील तशी पोरं धडाधड वेळ सांगत होती. एक चुकेल तर शपथ! साहेब खूश. त्यांनी काटे आठवर आणले.

"आणि आठ वाजता काय होतं, मुलांनो?"

सगळा सोपा एका आवाजात ओरडला, "आईची गोळी!"

साहेबांनी घड्याळ खाली ठेवलं. तेवढ्यात आमची सगळ्यात धाकटी छकुली त्यांच्या मांडीला रेलून म्हणते, "तुमच्या आईची किती वाजता?"

*

आता सुलू. सुलूचे वडील खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, ते ह्याच आजारात गेले. आई शेवंती मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसमध्ये चादरी धुवायला जायची. सुलू मात्र लख्ख डोक्याची. पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा शेजारच्या बाबल्याच्या आईनं आकांत केला, माझ्या पोराला हिच्या बाकावर बसवाल तर खबरदार!

सहामाहीचा निकाल लागला. सुलू पहिली, बाबल्या शेवटून पहिला. दुसऱ्याच दिवशी बाबल्याची आई माझ्या सोप्यावर हजर.

"बाई, जरा शाळेत सांगा. आमच्या बाबल्याला सुलूच्या बाजूला बसवा. पेपर दिसेल असा!"

*

आणि हीच सुलू दहावीत नापास झाली.

गणिताचा पेपर कोरा. पुरवणी परीक्षा दिली, पुन्हा कोरा. सुपरवायझर म्हणाले, तीन तास खिडकीबाहेर बघत बसली होती, चेहऱ्यावर हसू. बाबल्यासुद्धा पास झाला हो! शेवंतीनं हात टेकले. "पुरे आता शाळा. उद्यापासून चल माझ्याबरोबर चादरी धुवायला."

मी सुलूला सोप्यावर बसवलं. "येत नव्हतं काय गो?"

"सगळा येय होता, बाई."

"मग?"

तिनं माडांकडे तोंड फिरवलं. मग हळू सांगायला लागली. गोळ्या मिळायच्या आधीची गोष्ट. शेवंती वाळून काटकी झालेली. तिनं गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. पुजारी नारळ घेऊन उभा राहिला आणि देवाला म्हणाला, 'बा देवा म्हाराजा, ही तुझी लेक तुझ्या दारात उभी रवली हा. हिचा चेडू धावी पास होयसर हिका सांबाळून घे, म्हाराजा!' जमलेले सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा!'

"मीया पण म्हटलंय, बाई," सुलू म्हणाली. "आवयचो हात धरून. व्हय म्हाराजा."

पास 'होयसर', म्हणजे पोर दहावी पास होईपर्यंतच; देवाकडे मुदत तेवढीच मागितलेली! मी आपली तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, आणि खरं सांगते, खूप रडले.

शेवंतीला सांगितलं तर तिनं आधी पोरीला एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं. पुढच्याच सोमवारी आम्ही तिघी नारळ घेऊन देवळात. पुजारी म्हातारा झाला होता. सगळं ऐकून म्हणाला, "मुदत वाढवून हवी? किती?"

"बारावी," शेवंती म्हणाली.

सुलूनं तिचा पदर ओढला.

"बरं, पंधरावी."

पुन्हा पदर ओढला. पुजारी वैतागला. "देवाक सारखो तरास देव नकात! काय ता एकदाच सांगा."

शेवंतीनं क्षणभर डोळे मिटले आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानं नारळ वर धरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा शिकणा पुरा होयसर हिच्या आवशीक सांबाळून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

पुढच्या परीक्षेत सुलूला गणितात शाळेत सगळ्यात जास्त मार्क. मग बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली. शेवंतीच्या गोळ्या आठाच्या ठोक्याला चालूच. मध्यंतरी डिचोलीहून सुलूला बघायला मंडळी आली. घरची सगळी हकीगत त्यांना आधीच सांगितलेली, माणसं समजूतदार. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं सुलूकडे कौतुकानं बघितलं आणि सहज विचारलं,

"काय ग, तुझं शिक्षण आता पूर्ण झालं ना?"

मायलेकी एकदम ओरडल्या, "नाही!"