लाल टेपचं टोक

आमच्या नेटवर्किंगच्या क्लासमधले लॅबवाले काका रोज सकाळी चिडलेलेच असायचे, आणि त्याला कारणही तसंच होतं. दोन राउटर जोडणाऱ्या सिरियल केबलचं एक टोक वेळेचा ठोका देणारं असतं, दुसरं घेणारं. देणारं टोक ज्या राउटरला लागेल त्यातच क्लॉक रेट, म्हणजे त्या ठोक्याचा वेग, भरायचा, नाहीतर लाइन काही केल्या सुरू होत नाही. काका सगळं जुळवून घरी जायचे. मग संचालकबाई टेबलं नीटनेटकी दिसावीत म्हणून केबली काढून गुंडाळायला लावायच्या, आणि सकाळी शिपाई त्या हाताला येईल तशा खोचायचा. की काकांचे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शेवटी वैतागून काकांनी क्लॉक रेट फक्त डावीकडच्या राउटरांत भरला, प्रत्येक देणाऱ्या टोकाला लाल टेप चिकटवली आणि शिपायाला बजावलं, "लाल टोक डावीकडच्या राउटरला. बाकी डोकं चालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या लाइनी बंदच. काकांनी एक केबल उपसून पाहिली, तर लाल टेप दोन्ही टोकांना.

"एकाच बाजूला फार विचित्र दिसत होती हो," दारातून बाई म्हणाल्या, "म्हणून मीच बसून सगळ्यांना लावली. अजून उरलीय, लागली तर सांगा."