सिंधूच्या दाराची कडी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवासमोर बसूनही मी कायम दुसऱ्याच कशाकशाची माफी मागत आले. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल — की आता वय झालं म्हणून? मलाही धड ठाऊक नाही.

गोष्ट केकची आहे. हसू आलं तर येऊ द्या, मीही बरीच वर्षं ती हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

दुष्काळाच्या त्या वर्षी आम्ही नगरजवळ नागापूरला राहत होतो. कारखान्यांच्या शेड नुकत्या उभ्या राहत होत्या, आणि आमचे हे तिथल्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. आठ खोल्यांची बैठी चाळ, नवी कोरी, वर स्लॅब, खोलीला एक दार आणि एकच खिडकी. माझं माहेर श्रीरामपूरचं. तिथे शेजारी एक नर्सबाई राहायच्या, त्यांच्याकडून नाताळात मी केक शिकले होते. भट्टी नाही, काही नाही — कोळशाच्या शेगडीवर जाड पातेलं, तळाला वाळू, वाळूवर केकचं भांडं, वर झाकण आणि झाकणावर निखारे. चाळीत कुणाकडेही पाहुणे यायचे झाले की माझ्याकडे निरोप यायचा, मंदावैनी, तेवढा केक करून द्या. कुणाचा जावई, कुणाची विहीण. नानकटाईही मीच करायची. बायका विचारायच्या, कसा हो एवढा फुगतो? मी म्हणायची, हाताचा गुण असतो.

हाताचा गुण वगैरे काही नव्हतं. अंडी हात दुखेपर्यंत फेटायची आणि पाऊण तास झाकण उघडायचं नाही. बस. आठ घरांत मला तेवढाच एक मान होता, आणि तो मी कुणाला वाटून देणार नव्हते. मी स्वभावानं गोड बाई नव्हेच. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

भिंतीपलीकडे सिंधू राहायची. वीस-एकवीस वर्षांची, माहेर शनिशिंगणापूर. त्या गावात घरांना दारंच नाहीत, हे तुम्हाला माहीतच असेल. त्यामुळे कडी लावायची तिच्या हाताला सवयच नव्हती. बाजाराला निघाली तरी दार नुसतं लोटलेलं. मी चिडवायची, अगं, इथे शनिदेव राखण करत नाहीत. ती हसायची. म्हणायची, "वैनी, आमच्याकडं दारालाच दार न्हाई, मंग कडी कुठली?"

माझ्या खोलीतही ती अशीच शिरायची, न विचारता. कोपऱ्यात बसून माझे हात बघत राहायची. बघून बघून तिनं नानकटाई केली — आणि काय सांगू, माझ्यापेक्षा चांगली झाली. वरून हलकी तडकलेली, तोंडात विरघळणारी. मी एक खाल्ली आणि म्हटलं, तूप जास्त झालंय. झालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात गावाकडची विहीर आटली म्हणून तिची सासू राहायला आली. दम्यानं पिचलेली म्हातारी, दिवसभर खाटेवर. सिंधू तिचं सगळं करायची, कुरकुर न करता. तिच्या नवऱ्याला, रामनाथला, नोकरीत कायम करायचं घाटत होतं. रविवारी त्याचे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होते. मला वाटलं, आता माझ्याकडे निरोप येईल. तो आला नाही. सिंधू आली ती माझं केकचं भांडं मागायला. केक तिला स्वतःच्या हातानं करायचा होता.

दोनदा केला म्हणाली, दोन्ही वेळा मधे खचला. "वैनी, तुमचा न्हाई बसत. माझंच काय चुकतंय?"

काय चुकतंय ते मला कळत होतं. सारखं झाकण उचलून बघत असणार, उतावळी होती ती. एवढं सांगायला काय लागलं असतं? चार शब्द. मी म्हणाले, "तुझ्याकडे वारं फार येतं, ते लागतं त्याला. दार-खिडकी घट्ट लावून घे, कडी घाल, फटीत फडकी कोंब. होईपर्यंत अजिबात उघडायचं नाही."

आता हे ऐका. माझे वडील रेल्वेत होते. मी लहान असताना थंडीच्या दिवसांत त्यांच्या सिग्नलच्या केबिनमधला एक खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, शेगडी आत घेऊन, दार लावून झोपला होता. तो उठलाच नाही. तेव्हापासून आमच्या घरात कोळसा पेटला की वडील आधी खिडकी उघडायचे, कितीही गारठा असो. म्हणजे मला माहीत होतं. चाळीतल्या इतर कुणाला माहीत असेल-नसेल, मला पक्कं माहीत होतं. आणि बोलता बोलता मला तो खलाशी आठवलाही. तरी वाक्य मी पुरं केलं.

तिचा जीव जावा असं मनात नव्हतं. घुसमटावी, डोळे चुरचुरावेत, आणि तिनं हा नाद सोडून रविवारचा केक माझ्याकडून न्यावा — एवढंच. बघा, अजूनही मी 'एवढंच' म्हणते.

गुरुवारी दुपारी तिनं पुन्हा करून बघितला. शिफ्ट सुटल्यावर रामनाथ घरी आला, तर दाराला आतून कडी. कधी नाही ते. हाका मारल्या, दार ठोकलं. आम्ही सगळे जमलो. शेवटी पुरुषांनी खांदे लावून दार पाडलं. आत धूर नव्हता, काही नव्हतं, नुसती ऊब. सिंधू शेगडीजवळ आडवी पडलेली. म्हातारी खाटेवर, भिंतीकडे तोंड करून, झोपल्यासारखी. उंबऱ्याच्या फटीत सिंधूचं जुनं लुगडं नीट घडी करून कोंबलेलं होतं.

म्हातारी गेली. सिंधूला बाहेर ओट्यावर आणून वारा घातला, तेव्हा तासाभरानं तिनं डोळे उघडले. त्या गडबडीत कुणीतरी शेगडीवरचं पातेलं बाहेर आणून ठेवलं. झाकण मी काढलं. निखारे आपोआप विझले होते. केक काठापर्यंत फुगलेला होता, कुठेही खचलेला नाही. झाकण उघडायला कुणी शुद्धीवर नव्हतंच ना. माझा कधी तसा झाला नव्हता.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. पण दहावं झाल्यावर गावाहून सिंधूचा थोरला दीर, भाऊसाहेब, आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. जी बाई दार लावत नाही, तिनं त्याच दिवशी कडी का घातली? फटी का बुजवल्या? म्हातारीचं करायचा कंटाळा आला होता, म्हणून. सिंधू म्हणाली, शेजारच्या वैनींनी सांगितलं होतं. मग मला बोलावलं. ओट्यावर सगळी चाळ उभी. भाऊसाहेबानं हात जोडून विचारलं, "तुमी सांगितलं हुतं का असं? काय आसंल ते खरं सांगा."

मी म्हणाले, "मी असं कशाला सांगेन? मी तर दार सताड उघडं टाकून केक करते. सगळ्यांनी बघितलंय."

सगळ्यांनी माना हलवल्या. बघितलंच होतं त्यांनी.

सिंधू माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग दिराला म्हणाली, "वैनी खोटं कशाला बोलतील? माझंच डोस्कं ठिकान्यावर न्हाई तवापासून." तिचा माझ्यावर इतका विश्वास होता. मी मान खाली घातली, आणि लोकांना वाटलं मी रडतेय.

दोन दिवसांनी तिला माहेरी पोचवलं. रामनाथनं पुन्हा आणली नाही. पुढे त्यानं दुसरं लग्न केलं, कायमही झाला. जायच्या आधी सिंधूनं माझं भांडं राखेनं घासून, लख्ख करून माझ्या दारात ठेवलं होतं.

बऱ्याच वर्षांनी आम्ही शिंगणापूरला दर्शनाला गेलो. मी घर विचारत विचारत गेले. चौकटीला पडदा होता, तोही एका बाजूला सारलेला. आत ती चुलीशी बसली होती, पाठमोरी, केस पांढरे झालेले. दार नव्हतं, कडी नव्हती, मला कुणी अडवत नव्हतं. मी थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले.

अजून एक राहिलंय. इतका वेळ इकडचं तिकडचं बोलले, ते याच्याचसाठी.

त्या गुरुवारी दुपारी मी आमच्या सामाईक भिंतीला टेकून तांदूळ निवडत होते. पलीकडे शेगडीवर पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग खिडकी ओढल्याचा. मग कडीचा. त्या दाराची कडी मी दोन वर्षांत कधी ऐकली नव्हती. मला लगेच कळलं. म्हातारी आत आहे हेही माहीत होतं, तिचा खोकला भिंतीतून ऐकू येत होता. तिचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर. मी उठले नाही. म्हटलं, घुसमटेल जरा.

मी ऐकत होते. खोकला बराच वेळ येत राहिला, मग थांबला. एव्हाना माझे तांदूळ निवडून झाले होते. मी तेच ताट पुन्हा पुढे ओढलं आणि निवडत बसले.