चिंचेने गेलेली सोनेरी फुले

नाना मास्तरांची माझी पहिली भेट वाईला, माझ्या मामांच्या घरी झाली. मामांनी कौतुकाने आपली लाल काचेची सुरई पुढे केली. मास्तरांनी ती खिडकीशी उजेडात धरली. "रंग अंगचा नाही, वरून चढवलेला आहे. वेल कोरली तिथे बिनरंगी काच दिसते, पाहा. कोरणाऱ्याचा हात मात्र फार सुरेख," ते म्हणाले. मामांचे तोंड उतरले. मी त्या दिवसापासून मास्तरांचा झालो.

पुढे साताऱ्याच्या शाळेत आम्ही दोघे चित्रकला शिकवत होतो. लढाईवरून परतलेला कोरेगावचा एक शिपाई इटलीतून आणलेला रंगीत रेघांचा पेला घेऊन त्यांच्याकडे आला. दुकानदाराने 'नुसता रंगवलेला' म्हणून तो हिणवला होता. मास्तरांनी त्याचे बोट पेल्यावरून फिरवले.

"रेघा हाताला लागतात का?"

"न्हाई जी."

"म्हणजे रंग काचेच्या पोटात आहे. विकू नकोस, आईला दे."

सांगलीत संग्रहालय निघायचे ठरले, तेव्हा काचसामान सांभाळायला मास्तरांना बोलावले. शाळा सोडून ते गेले; पुढे मीही सांगलीला आलो. एका बड्या देणगीदारांच्या निळ्या फुलदाणीवर सोनेरी फुले होती. मास्तरांनी बजावले, "हे सोने भट्टीत भाजलेले नाही. ओले फडकेही लावू नका." उद्घाटनाच्या आदल्या दिवशी देणगीदारांनी ती घरी नेऊन समयांबरोबर चिंच लावून घासून घेतली. फुले साफ गेली. काचसामान मास्तरांच्या ताब्यात, म्हणून आळ त्यांच्यावर आला आणि कामही गेले. त्यानंतर सांगलीत कुणी आपली काच त्यांच्या हाती दिली नाही. आज ते शिकवण्या करून राहतात.

फुलदाणी घासणाऱ्या गंगूबाईंनीच मला परवा खरे सांगितले. "मालक म्हनलं, चिंच लाव. म्या लावली. मास्तरास्नी समदं ठावं हाय, पर माजी चाकरी जाईल म्हून ते बोललं न्हाईत. आता म्या लेकाकडं आष्ट्याला निघाले. तुमी खुशाल लिवा."

म्हणून या गौरव अंकात लिहिले. माजी विद्यार्थ्यांनी हट्ट धरला, म्हणून हा मास्तरांचा साठीचा सत्कार होत आहे. समितीचे अध्यक्षपद मात्र त्याच देणगीदारांनी घेतले. शाल तेच मास्तरांना पांघरवणार आहेत. मला याचा संताप येतो, आणि मास्तर ती हसतमुखाने घेतील याचा त्याहून अधिक येतो.

मास्तरांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आम्हा सांगलीकरांना त्यांची क्षमा मागायला अजून बरीच वर्षे लागतील, असे दिसते.