कंपाउंडरचा अर्ज

कॅथलिक मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर कारंज्याच्या बाजारात दवाखान्यासाठी कापूस घ्यायला येई. रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवताना तो माझ्यासारख्या व्यापाऱ्यालाही नमवी, वर हसून म्हणे, "शेठ, रागावता काहून?"

बायकोच्या सहाव्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी बजावलं, पुढच्या खेपेला ती वाचणार नाही. मी कंपाउंडरकडे मूल न होण्याचं साधन मागितलं.

"ते पाप हाय, शेठ."

"अन् बायको मेली तं?"

त्यानं एक अर्ज पुढं सरकवला. अशी साधनं वाटायचा कायदा सरकारनं करू नये, म्हणून तो सह्या गोळा करत होता. माझीही मागत होता! मी अर्ज फाडून त्याच्या अंगावर फेकला. त्यानं तुकडे वेचले, डोळे पुसले आणि विचारलं, "वयनीचं नाव काय? रोज प्रार्थनेत घेतो."

आठवलं की आजही संताप येतो. पण तेव्हा मी नाव सांगितलं.