मधली सीट

आमच्या शोरूममध्ये माझं काम गाडी विकायचं नाही, विकलेली गाडी समजावून द्यायचं. ग्राहक किल्ली घ्यायला आला की मी त्याला गाडीभोवती फिरवते, काय कुठे आहे ते दाखवते, त्याचा फोन स्क्रीनला जोडून देते. पुण्यात मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शारजात आलो, अल मजाजला राहू लागलो आणि मुलगी शाळेत रुळल्यावर मी हे काम धरलं. समजावून सांगायची सवय होतीच.

आमच्या मोठ्या पिकअपचं नवं मॉडेल आलं तेव्हा आम्हाला दुबईतल्या अल क्वोजच्या एका गोदामात ट्रेनिंगला नेलं होतं. गाडी आधीच अवाढव्य, आता तिचं नाक आणखी उंच झालेलं. मागचं फळकं बटण दाबलं की हळूच खाली यायचं. ट्रेलर लावून मागे घेताना स्टिअरिंग स्वतःच वळायचं. गियरच्या दांड्याऐवजी एक गोल बटण होतं, आणि सॉफ्टवेअर मोबाइलसारखं आपोआप अपडेट होणार होतं. पुढच्या दोन सीटच्या मध्ये एक रुंद कन्सोल बसवला होता, त्यावर लॅपटॉप उघडून काम करता येईल एवढा. ट्रेनर म्हणाला, "हे ऑफिस आहे, ऑफिस!" आम्ही सगळ्यांनी फोटो काढले.

ती गाडी घ्यायला अल धैदकडचे एक वयस्क अरब गृहस्थ आले. त्यांची खजुराची बाग होती, थोडे उंट होते. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला येऊन-जाऊन असल्यामुळे त्यांचं हिंदी छान होतं. सोबत त्यांची बायको आणि थोरली बहीण होती. गाडी त्यांच्या मुलाने पसंत केली होती. हे तिघं अजून जुन्याच पिकअपने फिरत. तिला मागे सीटच नव्हती, पुढे एक सलग बाक. तिघं त्यावर खेटून बसूनच शोरूमला आले होते.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग स्टिअरिंगमागे बसून गियर शोधायला लागले.

"बेटी, डंडा किधर गया?"

"ये गोल बटन है ना बाबा, यही गियर है."

"ये? मुझे लगा रेडिओ है."

बहीण हसली. तिचे गुडघे दुखत होते, म्हणून मी तिला आधार देऊन शेजारच्या सीटवर बसवलं. बायको त्याच दारातून चढायला म्हणून पुढे आली आणि थांबली. दोघांच्या मध्ये तिची जागा नव्हती. कन्सोल होता. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली, मग मागचं दार उघडून आत बसली. काळ्या काचेआड ती दिसेनाशी झाली. गाडी गेटबाहेर पडली आणि मला उगाच वाईट वाटलं. एवढी वर्षं नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेली बाई, आणि एका डिझाइनने तिला उठवून मागे बसवलं होतं.

घरी जेवताना मी हे सांगितलं. मुलगी म्हणाली, "आई, दॅट्स सो सॅड." नवरा म्हणाला, "आठ जण मावतील एवढी गाडी, त्यात काय सॅड?" पण मला ते सोडवेना. हळदीकुंकवाला जमलो तेव्हा मी मैत्रिणींनाही सांगितलं, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत सहानुभूती दिसली. एकीने तर सासूबाई आल्या की गाडीत आपलं कसं होतं तेही सांगून घेतलं. दर वेळी माझी गोष्ट थोडी आणखी करुण होत गेली. शेवटी मी मॅनेजरलाही म्हणाले, "सलग सीटवालं मॉडेलही दाखवायला ठेवू या. इथली कुटुंबं एकत्र बसतात." त्यांनी मान डोलावली आणि इन्शाल्ला म्हणाले. म्हणजे ते होणार नाही, हे मला कळलं.

काही महिन्यांनी ते अल धैदचे बाबा शोरूमला परत आले. स्क्रीनवर अपडेटचा निरोप सारखा येत होता आणि अपडेट काही होत नव्हतं.

"अपने आप होगा बोला था ना तुमने?"

"वायफाय लगता है बाबा. घर पे है?"

"बाग में? उंट को वायफाय किसलिए?"

मी गाडी वर्कशॉपला लावायला सांगितली. ते मेकॅनिकशी बोलायला उतरले. या वेळी बहीण बरोबर नव्हती, पुढची सीट रिकामी होती. पण बायको मागेच बसली होती, उजवीकडच्या खिडकीशी, काच पूर्ण खाली करून. मी तिला पाणी नेऊन दिलं. तिचं हिंदी घरकामाच्या बायकांकडून शिकलेलं, तुटक, पण चालून जाणारं. मला राहवलं नाही.

"अम्मा, आज आगे क्यूं नहीं बैठे? जगह है."

तिने मान हलवली. "आगे नहीं. इधर मेरा शीशा है."

मला नीट कळलं नाही. मग तिने बोटांनी हवेत तीन माणसं मांडून दाखवली. लग्न होऊन आली तेव्हा खिडकीपाशी सासू बसायची. नंतर मुलं खिडकीसाठी भांडायची. मुलं मोठी झाली आणि नणंद आली. ही कायम मध्ये. एका बाजूला नवऱ्याचं कोपर, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी, आणि समोर रस्ता.

"बीच में गरमी बहुत," ती म्हणाली आणि हसली. "अब हवा मेरा. देखना है तो देखो, सोना है तो सोओ. खलास."

बाबा परत आले तेव्हा मी त्यांना विचारलं, गाडी आवडली का. ते कुरकुरले, "गाडी अच्छा है. लेकिन मैं टॅक्सीवाला बन गया. बीवी पीछे बैठके बोलता है इधर जाओ, उधर जाओ." मागून ती म्हणाली, "यल्ला, चलो," आणि त्यांच्या सीटवर दोनदा थाप मारली. ते मान हलवत गाडीत बसले. तक्रार खरी होती. आपली जोडीदारीण शेजारी नाही याचं वाईट त्यांनाच वाटत होतं, आणि मी इतके दिवस ते वाईट वाटणं तिच्या नावावर खपवत होते.

त्या संध्याकाळी यार्डात एक तशीच पिकअप दुसऱ्या दिवशीच्या ग्राहकासाठी धुऊन उभी होती. मी कितीतरी वेळा ती गाडी लोकांना दाखवली होती; ड्रायव्हरच्या सीटवर बसून, शेजारी बसून, मागच्या हौद्यात उभी राहून. मागच्या सीटवर कधीच बसले नव्हते. पायरीवर चढून आत गेले, दार ओढून घेतलं. पाय लांब करता आले. काच खाली केली तर कंपाउंडच्या भिंतीपलीकडचं दिसत होतं. तिथे एक रोपवाटिका होती. एक माणूस पाइपने झाडांना पाणी घालत होता, आणि ओल्या मातीचा वास थेट माझ्यापर्यंत येत होता. मी तिथे इतकी वर्षं काम करत होते, आणि पलीकडे काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

हल्ली गाडी देताना मी आधी मागचं दार उघडते आणि इथे कोण बसणार ते विचारते. पुरुष बहुतेक वेळा गोंधळतात. बायका मात्र चढून बसतात, काच खाली-वर करून बघतात, आणि प्रश्न विचारायला लागतात. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलेली नव्हती, ती मला शोधावी लागली.