भिंतीतून जाणारी गाडी

तेलंगणातल्या बेला गावाला रेल्वे नाही. गाडी बघायची तर बसनं आदिलाबादला जावं लागतं. पण चंपतरावांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, एका भल्या मोठ्या टेबलावर, ‘बेला जंक्शन’ होतं. जंक्शन म्हणायला दुसरी लाइन लागते, असं एका मास्तरांनी दाखवून दिलं, तेव्हा चंपतराव त्यांच्याशी महिनाभर बोलले नाहीत; पाटी मात्र तशीच राहिली. पाटीवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी होतं आणि सगळ्यांच्या वर, सरकारनं कधीच लिहिलं नसतं म्हणून, मराठी.

खेळण्यातलं, विजेवर चालणारं इंजिन हैदराबादहून आणलेलं. बाकी सगळं दुकानातलं आणि शिवारातलं. अगरबत्तीच्या खोक्यांचे डबे, खळ लावून चिकटवलेल्या रद्दीचे डोंगर, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या काड्यांचं जंगल. पैनगंगा म्हणजे निळा रंग दिलेला पत्रा. रंग उरला म्हणून घराचं मागचं दारही निळं झालं. पोट काउंटरला टेकलेला, पन्नाशी ओलांडलेला हा गृहस्थ गाडीच्या विचारात असला की तोंडानं शिट्टी वाजवायचा, आणि शिट्टीच्या भरात गिऱ्हाइकाला साखर जास्त जायची. काही बायका मुद्दाम गाडीची चौकशी करून मग साखर मागत.

त्यांच्या बायकोला, रेणुकाबाईंना, हा सगळा घरात साठवलेला केर वाटे. लोकांचे नवरे दारू पितात, पण ती निदान सकाळी उतरते, असं त्या शेजारणींना सांगत. गाडी चालू असली की त्या हटकून तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसत. चंपतरावांना दुसरी कसली हाव नव्हती. हिनं एकदा, एकदाच, हौसेनं गाडी फिरवावी, एवढंच.

मग रेणुकाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं, आवाज इतका बसला की खोलीतली हाक दुकानात पोचेना. मूलबाळ नव्हतं. दुकान बंद ठेवून भागणार नव्हतं. चंपतरावांनी खाट टेबलालगत आणली, मधल्या भिंतीला दोन भोकं पाडली, रूळ काउंटरवरून फिरवून परत खोलीत नेले आणि दाराच्या घंटीचं बटण बायकोच्या डाव्या हाताला फडक्यानं बांधलं. बटण दाबून धरलं की गाडी चाले, सोडलं की थांबे. गाडी काउंटरवर येऊन थांबली, म्हणजे रेणुकाबाईंना काही तरी हवं आहे.

अर्धं गाव बघून गेलं. गाडी थांबली की चंपतराव तूरडाळ अर्धवट जोखून आत धावत. कधी पाणी, कधी कूस बदलणं, कधी नुसती नाकावर बसलेली माशी. कामाशिवाय मात्र रेणुकाबाई बटण दाबत नसत.

“काम नसलं तरी फिरवत जा ना वं,” चंपतराव एकदा म्हणाले. “थांबवू नको, सरळ जाऊ दे. मले समजन, तू मजेत आहे.”

“मी का लेकरू आहो?” एवढं मात्र वाकड्या तोंडातून अगदी स्पष्ट आलं.

पोळ्यानंतरच्या एका दुपारी चंपतरावांचे लहानपणचे सोबती अमृतराव दुकानात पोत्यावर बसून चहा पीत होते. गाडी भोकातून आली. चंपतराव उठले. गाडी थांबली नाही. काउंटरवरून खडखडत गेली, पलीकडच्या भोकात शिरली आणि थोड्या वेळानं पुन्हा आली. पुन्हा न थांबता गेली.

चंपतराव खाली बसले. चेहरा असा काही झाला की आता यांनाही झटका येतो की काय, असं अमृतरावांना वाटलं.

“खेळून राह्यली,” ते हळूच म्हणाले. “पाह्य, रेणुका खेळून राह्यली.”

आत डोकावावं असं त्यांना फार वाटलं. पण आपल्याला पाहून ती लाजेल, बटण सोडून देईल, म्हणून ते जागचे हलले नाहीत. दबक्या आवाजात ते स्टेशनवरच्या घोषणा करायला लागले. अमृतरावांनी वहिनीसाठी एका डब्यावर लिमलेटची गोळी ठेवली. गोळी फेरी मारून तशीच परत आली. एका हातानं माणूस गाडी चालवेल की गोळी उचलेल, असं म्हणून दोघंही हसले.

इंजिन तापल्याचा वास आला तेव्हा, त्याला जरा दम घेऊ दे, असं सांगायला चंपतराव आत गेले.

रेणुकाबाई डाव्या कुशीवर कलंडल्या होत्या. हात अंगाखाली होता आणि बटण हाताखाली. अंग गार पडायला लागलं होतं. चंपतरावांनी हात सोडवला तेव्हा कुठे गाडी थांबली. भिंतीतच, अर्धी आत, अर्धी दुकानात.

लवकर कळलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना असं म्हणावंच लागतं.

तेरवी झाली, दुकान उघडलं. गाडी कुणी हलवली नाही. अमृतराव बरेच दिवस फिरकले नाहीत. किराणा घ्यायला बेल्यात दुसरीही दुकानं आहेत. आले तेव्हा भोकाकडे पाठ करून बसले. चहा आला आणि गार झाला.

“मलेही तसंच वाटलं बाप्पा,” शेवटी ते म्हणाले. “का वयनी खेळून राह्यल्या.”

“तुले वाटलं तर वाटलं,” चंपतराव म्हणाले. “तू का तिच्यासंग राह्यत होता? मी राह्यत होतो. ते खेळनारी बाई होती का, सांग मले.”

तेवढ्यात एक बाई आली, सवयीनं भिंतीतल्या गाडीकडे बघून घेतलं आणि अर्धा किलो साखर मागितली. चंपतरावांनी जोखली. पुडीत थोडी जास्त गेली होती, ती त्यांनी चमच्यानं काढून परत पोत्यात टाकली.